गोणी मोजायला सोपी, गटार मोजायला अवघड



केंद्रीय भूजल मंडळाचा पाण्याच्या गुणवत्तेवरचा २०२४ सालचा अहवाल आहे. भूजलात नायट्रेट जास्त असलेले म्हणून देशातले १५ जिल्हे त्यात वेगळे काढून दाखवले आहेत. पंधरापैकी सात महाराष्ट्राचे: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. नावे पुन्हा एकदा वाचा. सातही जिल्हे कापसाचे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत ज्यांची नावे आपण नेहमी वाचतो, त्यातली बरीचशी इथेही हजर आहेत.

आता पुढचे पाऊल कुठे पडणार ते सांगायला ज्योतिषी नको. विहिरीत नायट्रेट सापडले, म्हणजे युरिया टाकणारा चोर सापडला! विहिरीवरून बोट धरणाकडे वळायलाही वेळ लागत नाही. धनेगावचे मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात आहे. त्याचे पाणी लातूर शहर पिते; केज, कळंब, अंबाजोगाई, धारूर पिते. धरणाच्या पाण्यात खताचा अंश उतरतो, तेव्हा पाणलोटातल्या शेतकऱ्याने एकरी किती गोण्या टाकायच्या, ओढ्यापासून किती अंतर सोडायचे, उकिरडा कुठे ठेवायचा याचे नियम करा, अशी मागणी उद्या कुणी केली तर नवल नाही. जगात ठिकठिकाणी असे नियम झालेले आहेत. आपल्याकडे होणार नाहीत असे समजून झोपणे परवडायचे नाही. नियम छापून आल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा आधीच बसून हिशोब मांडलेला बरा. म्हणून हा लेख.

धरणाचे पाणी राखू नका असे आम्ही म्हणत नाही. ते पाणी आमची पोरेबाळेही पितात. आमचे म्हणणे एवढेच आहे की नियमाची सुरुवात ज्या घाणीला मालक आहे, ज्या नळीचे तोंड दाखवता येते, तिथून झाली पाहिजे. कोरडवाहू रानातून जे वाहून जाते ती आमची माती आहे. ती जाते तेव्हा पहिले नुकसान आमचे होते. ती अडवायची तर त्याचा खर्च खालच्या अंगाला बसून पाणी पिणाऱ्याने उचलला पाहिजे.

आधी पाणी बिघडते म्हणजे काय होते ते नीट समजून घेऊ. पिकाला जे लागते तेच शेवाळाला लागते: नत्र आणि स्फुरद. साठलेल्या पाण्यात सहसा स्फुरदाची चणचण असते, म्हणून शेवाळ आवरलेले असते. स्फुरद मिळाला की ते फोफावते. एक किलो शुद्ध स्फुरदावर वाळल्या वजनाने शंभर किलोच्या आसपास शेवाळ उभे राहू शकते, असा शास्त्राचा हिशोब आहे. एवढे कोणत्या पिकाने दिले असते तर आपण केव्हाच कर्जमुक्त झालो असतो! हे शेवाळ मरते, तळाशी कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मासे मरतात, पाण्याला वास येतो, शुद्धीकरणाला जास्त क्लोरीन लागतो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती तर विष सोडतात. अमेरिकेत टोलेडो नावाचे शहर एरी सरोवराचे पाणी पिते. ऑगस्ट २०१४ मध्ये पाण्यात हे विष निघाले आणि चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी तोंडाला लावू नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळल्याने हे विष जात नाही.

तेव्हा धोका खोटा नाही. मांजरासारख्या धरणाला तर तो जास्तच. उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर, पण भरवसा कशाचाच नाही. २०१६ साली धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पोचली, पाच लाख लिटर घेऊन. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. ज्या धरणाचा साठा असा वरखाली होतो तिथे पाणी आटते तसा उरलेल्या पाण्यातला स्फुरद दाट होतो. गटार मात्र दुष्काळातही आटत नाही.

आता ही घाण येते कुठून? आपल्या राज्यात याचे सगळ्यात मोठे उदाहरण उजनीचे आहे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे होते, जलपर्णी माजते, हे भीमाकाठच्या कोणत्याही माणसाला विचारा. सोलापूर शहर तेच पाणी पिते. उजनीच्या वर कोरडवाहू ज्वारीवाला नाही काय? आहे. पण उजनी हिरवी झाली ती ज्वारीने नव्हे. उजनीच्या वर पुणे आहे, पिंपरी-चिंचवड आहे. मुळा-मुठा आणि पवनेतून लाखो लोकांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी भीमेत येते आणि उजनीत मुक्कामाला थांबते. खाली सोलापूरचा माणूस ते गाळून पितो. एवढे उघड असताना उजनीवर आजवर कितीसे नियम झाले आणि ते कोणी पाळले? पुण्याच्या नळाला कोणी कुलूप लावले नाही. लावणारही नाही.

आता आपल्या धरणाकडे या. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते. धरणाच्या वर तिच्या काठाला कळंब शहर आहे. केज शहर केजडी नदीच्या काठाला आहे आणि केजडी मांजराला मिळते. कोणत्या गटारीचा उतार कुणीकडे आहे हे सांगायला अभियंता लागत नाही, पाऊस पडला की पोरही दाखवते. एक साधा हिशोब करू. आपल्या देशातल्या आहाराप्रमाणे माणशी वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र आणि ०.४ किलो स्फुरद मलमूत्रातून पडतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तीस हजार वस्तीचे गाव धरा. वर्षाला १२,००० किलो स्फुरद झाला. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत शुद्ध स्फुरद १० किलो असतो. (गोणीवर ४६ टक्के छापतात ते स्फुरदाच्या ऑक्साइडचे, त्याने फसू नका.) म्हणजे एका गावाचा वर्षाचा मैला बाराशे गोण्या डीएपीइतका! नत्राचे म्हणाल तर ८१,००० किलो, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या जवळजवळ ३,९०० गोण्या. कपडे धुण्याच्या पावडरी यात धरलेल्या नाहीत. युरोपने २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली, ती उगाच नव्हे.

सगळा मैला नदीत जात नाही, हे मान्य. पुष्कळसा शौचखड्ड्यात मुरतो. (आणि मुरलेल्यातले नत्र नायट्रेट होऊन शेजारच्या आडात आणि हातपंपात निघते, हे भूजल मंडळाच्या यादीबद्दल बोलणाऱ्यांनी विसरू नये.) पण चौथाई जरी गटारीने वाहिला, तरी तीनशे गोण्या डीएपी थेट पाण्यात गेला. मातीत नाही, थेट पाण्यात. आपल्यापैकी कोणी ट्रॅक्टर भरून डीएपी धरणाच्या भिंतीवर नेला आणि तीनशे गोण्या फोडून पाण्यात ओतल्या, तर संध्याकाळपर्यंत तो पोलीस ठाण्यात बसलेला दिसेल. गटारीने तेच काम केले तर त्याला नगरविकास म्हणतात.

दुसरा भाग उसाचा. इथे आमचेच काही भाऊ नाराज होतील, पण बोलले पाहिजे. मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. सुरू उसाला २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद. ही शिफारस झाली, प्रत्यक्षात पडते ते वेगळे. म्हणजे एक हेक्टर ऊस नत्राच्या हिशोबाने सव्वासहा हेक्टर ज्वारीएवढा. शिवाय ज्वारीला टाकलेले खत हिवाळ्याच्या ओलीत मुळाशी पडून राहते. ते वाहून न्यायला पाणीच नसते. उसाला पाट सोडला की उरलेले नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते आणि ओढ्याला लागते. ऊसवाला आपला शत्रू नाही. ज्याला पाणी मिळाले त्याने दोन पैसे देणारे पीक घेतले, यात त्याचा काय दोष? पण धरणाचे पाणी कोणत्या पिकाला द्यायचे याचे धोरण आम्ही ठरवलेले नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातच लिहिले आहे की बारमाही पिकांना कालव्याचे पाणी ठिबक किंवा तुषार सिंचनाशिवाय देऊ नये. कायद्याला वीस वर्षे झाली. कालव्यावर जाऊन पाहा आणि काय दिसते ते सांगा. त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की पाणी घाण करील त्याने पैसे भरावे. हे वाक्य कोणाला लावले गेले? वाक्य चांगले आहे, एवढेच आम्ही ऐकून आहोत.

साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलरी यांचे वेगळे सांगायला नको. २०१४ नंतर केंद्रीय प्रदूषण मंडळाने अशा कारखान्यांना सांडपाण्यावर रात्रंदिवस नोंद करणारी यंत्रे बसवायला लावली. चांगले केले. पण ती नोंद ज्याच्या ओढ्यातून पाणी जाते त्या गावाला दिसते का? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजचा आकडा लागतो का? आकडा कारखान्याच्या आणि मंडळाच्या संगणकात, आणि वास आमच्या नाकात!

आता आमच्या गोणीकडे बघा. २०१८ पासून देशभर अनुदानाचे खत अंगठ्याच्या यंत्रावर विकले जाते. आधार नंबर द्या, अंगठा लावा, मग गोणी उचला. कोणत्या गावातल्या कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या दिवशी किती गोण्या नेल्या, हे दिल्लीत बसून दिसते. नियम करणाऱ्या साहेबाच्या जागी बसून विचार करा. एका बाजूला अंगठ्यासह मोजलेली गोणी. दुसऱ्या बाजूला ना मीटर, ना मालक अशी गावाची गटार. साहेब कशाला हात घालील? जिथे आकडा तयार आहे तिथेच. खत वाहून गेले कुठून हा प्रश्न राहील बाजूला आणि गोणी नेली कोणी याचेच उत्तर फाइलला लागेल.

आणि शिक्षा! खत ही जीवनावश्यक वस्तू. खत नियंत्रण आदेश, १९८५ मोडला तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज ते मुख्यतः दुकानदारावर चालते, पण कायद्याचा हात लांब असतो. २०१९ साली अकोला जिल्ह्यात तणनाशकाला टिकणारी, परवानगी नसलेली कपाशी पेरली म्हणून शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षे कैदेची तरतूद होती. कपाशीचे बी पेरणे हा पर्यावरणाचा गुन्हा! आणि पाणी घाण करणाऱ्याचे काय? जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ चा. नदीनाल्यात घाण सोडायची नाही हे त्यात स्वच्छ लिहिले आहे, नगरपालिकेलाही ते लागू आहे. २०२४ साली संसदेने त्यातल्या अनेक गुन्ह्यांची कैद काढून टाकली आणि दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये गावोगावच्या सांडपाण्यावर शुद्धीकरण केंद्रे तीन वर्षांत उभी करा असे सांगितले होते. ती तीन वर्षे २०२० ला संपली. २०२२ साली राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या हेळसांडीबद्दल महाराष्ट्र सरकारवर १२,००० कोटींची भरपाई बसवली. एवढ्या मोठ्या रकमेचा गुन्हा ज्याच्या नावावर लागला, तोच उद्या आम्हाला युरियाची वही ठेवायला सांगणार.

आता आमच्या रानातून काय जाते ते पाहू, कारण त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मोकळा फिरत नाही, मातीच्या कणाला चिकटून बसतो. म्हणून तो विरघळून फारसा जात नाही. माती गेली की मातीबरोबर जातो. कपाशी जूनमध्ये लावतो, ऑगस्टपर्यंत ओळींच्या मधली जमीन उघडीच असते, आणि पाऊस आता पूर्वीसारखा रिमझिम पडत नाही. तासाभरात सगळा एकदम कोसळतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात हजारो हेक्टर जमीन खरडून गेली. कुणाच्या रानात मुरूम उघडा पडला, कुणाच्या रानात दगडगोटे येऊन बसले. जूनमध्ये उसनवारी करून आणलेला डीएपी आणि शेकडो वर्षांत तयार झालेली माती, दोन्ही एका रात्रीत गेली. ती माती पुढे कुठे जाते? धरण असेल तर धरणात. तेव्हा पाणी घाण झाले म्हणून रडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या घाणीतला आमचा वाटा म्हणजे आमची दौलत आहे. ती आम्ही मुद्दाम कोणाच्या पाण्यात टाकत नाही. घरचे भांडे फुटून गळणाऱ्या तुपावर दंड बसवणारा सावकार अजून तरी आम्ही पाहिलेला नाही.

ही माती अडवता येते. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, ओढ्याच्या काठाला दहा-पंधरा फूट गवताचा पट्टा, कपाशीत आंतरपीक, नालाबांध. यातले काही नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर आपल्याच आईबापांनी यातले बांध घातले. पण बांध घालायला पैसा लागतो, गवताच्या पट्ट्याला जमीन सोडावी लागते, आणि पाच एकरवाल्याची अर्धी एकर त्यात गेली तर त्याचे वर्षाचे तेलमीठ गेले. हा खर्च कोणी करायचा?

याचे उत्तर न्यूयॉर्कच्या शेतकऱ्यांनी मिळवून दाखवले आहे, ते जरा सविस्तर सांगतो. न्यूयॉर्क शहराचे पाणी दीडदोनशे किलोमीटरवरच्या डोंगराळ भागातल्या धरणांतून येते. शहर आणि आसपासचे मिळून नव्वद लाखांच्या घरात लोक ते पितात. त्यातले कॅननसव्हिल नावाचे धरण डेलावेअर काउंटीत आहे. साठीच्या दशकात गावे उठवून ते बांधले. वरच्या अंगाला गायी पाळणारे शेतकरी. शेणाचा स्फुरद आणि वॉल्टन गावचे सांडपाणी धरणात उतरले आणि पाणी उन्हाळ्यात शेवाळाने भरू लागले. १९८९ साली त्यांच्या केंद्र सरकारने सांगितले, धरणाचे पाणी गाळून तरी द्या, नाही तर पाणलोट स्वच्छ ठेवतो याची खात्री तरी द्या. गाळण्याच्या कारखान्याचा खर्च सहा अब्ज डॉलरच्या वर जात होता. मग शहराने १९९० साली सोपा रस्ता धरला: शेतकऱ्यांसाठी नियमांचा मसुदा काढला. ओढ्यापासून अमुक अंतरात शेणखत टाकायचे नाही, तमुक करायचे नाही. ऐकल्यासारखे वाटते ना?

तिथले शेतकरी उठले. शेवाळ नाही असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, तुमच्या नियमाने आम्ही गायी विकू, आमच्या जमिनीवर बंगले होतील, आणि बंगल्यांच्या संडासांचे पाणी तुम्हाला प्यावे लागेल. हा मुद्दा शहराला पटला. दोन वर्षे बोलणी झाली. ठरले असे: नियम बाजूला ठेवायचे. प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा शेतकऱ्यांच्याच मंडळाने तयार करायचा. शेणाचे हौद, ओढ्याचे कुंपण, गोठ्याचे पाणी वळवणे, जे काही त्यात निघेल त्याचा सगळा खर्च शहराने करायचा. शेतकऱ्यांच्या बाजूने एकच अट, पाच वर्षांत पाणलोटातले ८५ टक्के शेतकरी यात आले पाहिजेत. तेवढे आले, त्याहून जास्तच आले. १९९७ साली शहर, राज्य आणि वरच्या गावांनी मिळून मोठा करार केला. त्यात गावांच्या सांडपाण्याची केंद्रेही शहराच्या पैशाने सुधारली. वॉल्टनचे केंद्र सुधारल्यावर कॅननसव्हिलचा स्फुरद खाली आला. शेतकऱ्याला हातकडी न घालता पाणी राखता येते. मात्र पाणी पिणाऱ्याने खिशात हात घातला पाहिजे, आणि शेतकरी एकजुटीने बोलला पाहिजे.

आपल्याकडे आकडे लहान असतील, न्याय तोच. समजा, मांजरावरून पाणी पिणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीवर हजार लिटरला एक रुपया पाणलोटासाठी लावला. एक दशलक्ष घनमीटर पाण्यामागे दहा लाख रुपये होतात. वर्षाला वीस दशलक्ष घनमीटर पिण्यासाठी उचलले, तर दोन कोटी. दोन कोटीत दरवर्षी किती ओढ्यांच्या काठाला गवत लागेल, किती बांध दुरुस्त होतील, याचा अंदाज आपल्यातला कोणताही गवंडी देईल. हजार लिटरला एक रुपया शहरवाल्याला जड आहे का? बाटलीच्या पाण्याला तो लिटरला वीस रुपये मोजतो.

युरियाचेही बोलू. माणसे युरिया जास्त टाकतात, हे खरे. पण टाकायला लावले कोणी? एप्रिल २०१० ला सरकारने अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आणले आणि युरिया त्यातून बाहेर ठेवला. डीएपीची गोणी तेव्हा पाचशेच्या आत होती, ती १,३५० पर्यंत गेली. युरिया पंधरा वर्षे जवळजवळ जागच्या जागी, ४५ किलोला २६६ रुपये ५० पैसे. हिशोब करा, नत्र किलोला तेरा रुपये पडते आणि डीएपीतला स्फुरद त्रेपन्न रुपयांच्या पुढे. ज्याच्या हातात पैसा नाही तो काय घेईल? भाव सरकारने ठरवला, ढीग सरकारने लावला, आणि आता तोल बिघडला म्हणून शेतकऱ्याला शिकवणी!

खताच्या अनुदानावर केंद्र सरकार वर्षाला दीड लाख कोटींच्या वर खर्च करते. देशात पेरणीखाली सुमारे १४ कोटी हेक्टर आहे. वाटून पाहिले तर हेक्टरी दहा हजारांच्या वर येतात. ज्वारीला एखादी गोणी टाकणाऱ्याच्या वाट्याला यातले किती येतात? जो जास्त खत ओततो त्याला जास्त अनुदान, अशी ही रीत आहे. ते पैसे हेक्टरी सरळ शेतकऱ्याच्या खात्यात टाका आणि खत बाजारभावाने विका. मग कोण किती टाकतो हे पाहायला इन्स्पेक्टर लागणार नाही. ज्याला शेणखतात भागवायचे तो शेणखतात भागवील आणि उरलेल्या पैशात बांध घालील. यावर आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, अनुदान हातात आले की दोन वर्षांत ते बंद करतील, आणि खत महाग ते महागच राहील. भीती खोटी नाही, सरकारचा इतिहास तसाच आहे. म्हणून ही रक्कम महागाईला बांधून कायद्याने पक्की झाल्याशिवाय युरियाचा भाव हलवू देऊ नये.

आणि एका फटक्यात खत बंद करा म्हणणारे असतात, त्यांना श्रीलंका दाखवा. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खताची आयात एका सहीने बंद केली. भात घसरला, चहा घसरला, आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. तोवर हंगाम गेला होता.

गाळाचा विषय राहिला. २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना आहे. धरणाच्या तळाला बसलेला गाळ म्हणजे आमच्या रानातली माती आणि तिला चिकटलेला स्फुरद. धरण खाली गेले की तो उपसून वरच्या हलक्या जमिनीवर टाकला, तर धरणातले खत कमी होते आणि रानातले वाढते. पण वाहतूक शेतकऱ्याने करायची म्हटले की गाळ धरणालगतच्या दोन गावांतच पडतो. ज्याच्या टेकडीवरून माती गेली त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. डिझेल कोण देणार ते आधी सांगा.

येत्या जिल्हा बैठकीत केज तालुक्याने मांडायचा ठराव आम्ही तयार केला आहे, त्यावर सर्वांनी बोलावे. मुख्य मागणी मोजमापाची आहे. पाणलोटातल्या शेतकऱ्यावर खताचा कोणताही नियम घालण्याआधी निदान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे चार ठिकाणचे पाणी तपासावे. केजडी मांजराला मिळते तिथे. कळंब शहराच्या खाली. कारखान्याचे पाणी ज्या ओढ्याला लागते त्या ओढ्यात. आणि चौथा असा एक ओढा, ज्याच्या वर गाव नाही, कारखाना नाही, ऊस नाही, फक्त कापूस आणि ज्वारी आहे. चारही ठिकाणचा स्फुरद आणि नत्र शेजारी शेजारी मांडून दाखवा, मग आमच्या बांधावर या. विहिरींच्या नायट्रेटचेही तसेच. नत्राचे समस्थानिक तपासले की ते गोणीतले की मैल्याशेणाचे याचा बराचसा उलगडा होतो. तशी तपासणी बीड जिल्ह्यातल्या विहिरींवर करा आणि आकडे गावात लावा.

तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. नमुना घेताना आपली दोन माणसे हजर राहतील. बाटल्या दोन भरायच्या, एक प्रयोगशाळेला आणि सील केलेली दुसरी आपल्याकडे. जास्तीत जास्त माती पहिल्या मोठ्या पुरातच जाते आणि तो पूर जूनमध्ये केव्हाही येऊ शकतो. त्याआधी ठराव तहसील कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोचलेला असावा. ज्या गावांना आपला ओढा चौथा म्हणून सुचवायचा आहे त्यांनी ओढ्याचे नाव, वरच्या अंगाची गट नंबरांची यादी आणि त्यात कोणते पीक आहे एवढे लिहून बैठकीला आणावे.